विश्लेषण : हाती पेन्सिल घेऊन वाचणारे बाबासाहेब... रामायणापासून मार्क्सपर्यंत कोणत्या ग्रंथांबद्दल काय म्हणाले?

दरवर्षी ६ डिसेंबरला दादरच्या चैत्यभूमीवर आलेली माणसे परत निघतात तेव्हा त्यांच्या पिशवीत एक तरी पुस्तक असते. शिवाजी पार्कवर लागणारे पुस्तकांचे स्टॉल ही आता या दिवसाची ओळख झाली आहे. ज्यांच्या स्मरणासाठी ही गर्दी जमते, ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर आयुष्यभर पुस्तकांच्या सोबतीने जगले, हे शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. पण ते काय वाचत होते आणि वाचलेल्या पुस्तकांबद्दल त्यांचे मत काय होते, हे फारसे सांगितले जात नाही. त्यांनी धर्मग्रंथांवर लिहिले, संतांवर लिहिले, चलनावरच्या ग्रंथांशी वाद घातला आणि मार्क्सचीही झाडाझडती घेतली. या मतांची किंमतही त्यांनी मोजली. त्यांच्या आयुष्याचा हा वाचकाच्या अंगाने घेतलेला आढावा.

पहिले मत कोणत्या ग्रंथावर?

आंबेडकरांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. वडील सुभेदार रामजी सकपाळ हे लष्करातून निवृत्त झालेले, कबीरपंथी आणि शिस्तीचे. घरात रोज भजन, पाठांतर आणि वाचन चाले. संध्याकाळी घरातल्या मंडळींपुढे रामायण-महाभारत मोठ्याने वाचून दाखवण्याचे काम भीमराव आणि त्यांच्या भावाकडे असे. ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या ग्रंथासाठी १९५६ मध्ये लिहिलेल्या प्रस्तावनेत आंबेडकरांनी ही आठवण नोंदवली आहे.

हे ग्रंथ आपण का वाचायचे, असे त्यांनी वडिलांना विचारले होते. द्रोण आणि कर्ण लहान स्थितीतून वर आले, वाल्मीकी कोळी असून रामायणाचा कर्ता झाला. ही उदाहरणे वाचली की आपल्या मनातला न्यूनगंड जातो, असे वडिलांचे उत्तर होते. मुलाला ते पटले नाही. भीष्म आणि द्रोण त्याला दुटप्पी वाटले, कृष्णाचे डावपेच आवडले नाहीत. शूर्पणखेची कथा, वालीचा वध आणि सीतेला मिळालेली वागणूक यांमुळे रामाबद्दलही त्याचे मत अनुकूल राहिले नाही. वडील गप्प राहिले. मुलाच्या बोलण्यावर त्यांनी वाचन थांबवले नाही आणि मुलाला गप्पही बसवले नाही.

पुढच्या सगळ्या वाचनाचे बीज या प्रसंगात दिसते. ग्रंथ पूज्य आहे एवढ्यावर त्यांचे समाधान होत नसे. त्यातली माणसे एकमेकांशी कशी वागतात, हे ते पाहत.

पुस्तके कुठून येत होती?

परळच्या चाळीतल्या एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबाला पुस्तके परवडत नव्हती. चरित्रकार धनंजय कीर यांनी लिहिले आहे, की मुलाच्या पुस्तकांसाठी रामजी लग्न झालेल्या मुलींकडून पैसे उसने आणत. हाती रोख नसेल तर मुलीचा दागिना गहाण पडे आणि निवृत्तिवेतन आले की सुटे.

चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणारा हा मुलगा कृष्णराव अर्जुन केळुसकर यांच्या नजरेस पडला. केळुसकर हे शिक्षक आणि लेखक. भीमरावांच्या परीक्षेतील यशाबद्दल समाजाने सत्काराची सभा घेतली, तेव्हा केळुसकरांनी त्यांना आपण लिहिलेले गौतम बुद्धाचे मराठी चरित्र भेट दिले. हे चरित्र १८९८ मध्ये प्रकाशित झाले होते. रामायण-महाभारताने न सुटलेल्या प्रश्नांना दुसरे उत्तर असू शकते, हे या पुस्तकाने त्यांना प्रथम दाखवले. शाळकरी वयात मिळालेल्या या भेटीचा धागा १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या धम्मदीक्षेपर्यंत जातो.

शाळेत मात्र एक दार बंद होते. त्यांना संस्कृत शिकायचे होते, पण अस्पृश्य म्हणून तो विषय मिळाला नाही आणि फारसी घ्यावी लागली. म्हणजे ज्या ग्रंथांनी त्यांचे समाजातील स्थान ठरवले, ते ग्रंथ मुळातून वाचण्याचीच त्यांना मनाई होती. पुढे त्यांनी स्वतःच्या बळावर संस्कृतचा अभ्यास केला, पण या मनाईचा प्रश्न त्यांच्या मनातून कधी गेला नाही.

परदेशात जमवलेली पुस्तके समुद्रात कशी बुडाली?

सयाजीराव गायकवाड यांच्या शिष्यवृत्तीवर आंबेडकर १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथे जुन्या पुस्तकांची दुकाने धुंडाळणे हा त्यांचा छंद झाला. कीर यांच्या नोंदीनुसार तेथे त्यांनी सुमारे २,००० जुनी पुस्तके जमवली. पुढे लंडनला असताना शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये त्यांना शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले. पहिले महायुद्ध सुरू होते. त्यांचे सामान ज्या बोटीत होते ती पाणतीराने बुडाली आणि त्यातली पुस्तकेही गेली. सामानाची जी भरपाई मिळाली, तिच्यातून बडोद्याला जाण्याचा खर्च निघाला.

बडोद्यात काय झाले, ते त्यांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत लिहिले आहे. संस्थानच्या मोठ्या अधिकाऱ्याला राहायला घर मिळेना. पारशी विश्रामगृहात नाव बदलून राहावे लागले. ओसाड दालन, कंदिलाचा मिणमिणता उजेड आणि बोलायला कोणी नाही, अशा स्थितीत ते वाचनात स्वतःला विसरू पाहत होते. काही दिवसांतच त्यांना तेथूनही बाहेर काढण्यात आले. वाचनाने एकटेपणा हलका झाला, डोक्यावरचे छप्पर मात्र वाचले नाही.

विद्यार्थीदशेत कोणत्या लेखकांवर टीका केली?

९ मे १९१६ रोजी कोलंबियात डॉ. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात आंबेडकरांनी जातिसंस्थेवर निबंध वाचला. त्यात त्यांनी सेनार, नेसफिल्ड, रिस्ले आणि डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर या चौघांच्या व्याख्या तपासल्या. केतकर म्हणजे पुढे मराठी ज्ञानकोशाचे संपादक म्हणून प्रसिद्ध झालेले विद्वान. त्यांचे जातीवरील इंग्रजी पुस्तक १९०९ मध्ये आले होते. आंबेडकरांनी त्यांचे कौतुक केले, कारण त्यांनी जातीचा विचार एकेकटी जात घेऊन न करता संपूर्ण व्यवस्था म्हणून केला होता. पण चूकही दाखवली. जातीबाहेर लग्नाला बंदी आणि जन्माने सदस्यत्व ही केतकरांनी दोन वेगळी लक्षणे मानली होती. बाहेर लग्नच करायचे नाही म्हटल्यावर आत येण्याचा मार्ग जन्माशिवाय उरतच नाही, तेव्हा ही एकाच नाण्याची दोन अंगे आहेत, असा आंबेडकरांचा मुद्दा होता. त्या वेळी त्यांचे वय २५ होते.

दोन वर्षांनी, १९१८ मध्ये, त्यांनी इंडियन इकॉनॉमिक सोसायटीच्या नियतकालिकात बर्ट्रांड रसेल यांच्या समाजाच्या पुनर्रचनेवरील पुस्तकाचे परीक्षण लिहिले. रसेल युद्धविरोधी होते. त्यांचे पुस्तक वाचून भारतीय वाचक निष्क्रियतेलाच शहाणपण समजतील, अशी भीती आंबेडकरांना वाटली. म्हणून त्यांनी शक्ती आणि हिंसा यांतला फरक उलगडून सांगितला. समाज बदलायचा तर शक्ती लागतेच. ती विध्वंसाकडे वळू न देता उपयोगात आणायची असते, असे त्यांचे म्हणणे होते.

पैशाच्या मोहाबद्दल रसेल यांनी केलेली टीकाही त्यांना पूर्ण पटली नाही. जगात सगळीकडे टंचाई होती, गरिबी टळण्यासारखी नव्हती, त्या काळात संपत्तीला तुच्छ लेखणारी नीती जन्माला आली, असे त्यांनी दाखवले. उत्पादन वाढू शकते अशा काळात तीच नीती गरिबाला ऐकवण्यात अर्थ नाही. उपाशी माणसाला विरक्ती शिकवणारे तत्त्वज्ञान त्यांना कधीच मान्य झाले नाही.

केन्स यांच्याशी वाद कशावरून?

अर्धवट राहिलेले शिक्षण पुरे करण्यासाठी आंबेडकर १९२० मध्ये पुन्हा लंडनला गेले. ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात दिवसभर वाचन आणि रात्री खोलीवर टिपणे, असा क्रम होता. खाण्यावर खर्च कमी आणि पुस्तकांवर जास्त, हेही नित्याचे.

या अभ्यासातून १९२३ मध्ये ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा ग्रंथ आला. भारताच्या चलनावर जॉन मेनार्ड केन्स यांचे १९१३ चे पुस्तक तेव्हा प्रमाण मानले जात होते. त्यात सुवर्ण विनिमय पद्धतीचे समर्थन होते. आंबेडकरांनी त्याला विरोध केला. या पद्धतीत सरकार किती रुपये काढते यावर पक्का लगाम राहत नाही, रुपया जास्त झाला की महागाई वाढते आणि तिचा मार मजुरीवर जगणाऱ्यांना बसतो, असा त्यांचा युक्तिवाद होता. रुपयाचा पौंडाशी असलेला दर स्थिर राहण्यापेक्षा बाजारात त्या रुपयाला काय मिळते, हे त्यांनी महत्त्वाचे मानले. त्यांचे शिक्षक प्राध्यापक एडविन कॅनन यांनी ग्रंथाला प्रस्तावना लिहिली आणि तिच्यात शिष्याशी असलेले मतभेदही नोंदवले. मतभेद ठेवूनही लिहिणाऱ्याचा मान राखता येतो, याचे हे चांगले उदाहरण आहे.

वाचनावर इतके प्रेम असलेल्या माणसाने मनुस्मृती का जाळली?

हा प्रश्न आजही विचारला जातो. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडच्या सत्याग्रह परिषदेत मनुस्मृतीचे दहन झाले. दहनाचा ठराव गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे या ब्राह्मण सहकाऱ्याने मांडला होता.

त्याच वर्षी मार्चमध्ये चवदार तळ्यावर पाणी प्यायल्याबद्दल अस्पृश्यांना मार खावा लागला होता आणि तळ्याची शुद्धी करण्यात आली होती. ही वागणूक ज्या नियमांतून येते, ते नियम मनुस्मृतीत लिहिलेले आहेत, असे आंबेडकरांचे म्हणणे होते. ग्रंथ जुना झाला, आता कोण त्याला विचारतो, या आक्षेपाला त्यांनी ‘बहिष्कृत भारत’मधून उत्तर दिले. विदेशी कापडाची होळी हे जसे प्रतीक, तसेच हेही प्रतीक, असा त्यांचा दाखला होता.

दहनानंतर त्यांनी मनुस्मृती बाजूला टाकली नाही. ती ते पुन्हा पुन्हा वाचत राहिले. शूद्रांचे स्थान, स्त्रियांचे हक्क, शिक्षेतील भेदभाव या प्रत्येक विषयावर त्यांच्या लेखनात मनुस्मृतीतील श्लोकांचे संदर्भ अध्यायवार सापडतात. हिंदू कोड बिलाच्या चर्चेत घटस्फोटाला धर्माचा आधार नाही असे सांगणाऱ्यांना त्यांनी कौटिल्य आणि पराशरस्मृतीचेच दाखले दिले. महाडला जे जाळले गेले ते त्या ग्रंथाचे माणसांवरील अधिकारपद होते. पुरावा म्हणून ग्रंथ त्यांच्या टेबलावर कायम राहिला.

संतवाङ्मय आणि गीतेबद्दल मत काय होते?

‘मूकनायक’ हे त्यांचे पाक्षिक ३१ जानेवारी १९२० रोजी सुरू झाले, तेव्हा त्याच्या शीर्षस्थानी तुकारामांचा अभंग होता. १९२७ मध्ये ‘बहिष्कृत भारत’ निघाले, तेव्हा तेथे ज्ञानेश्वरीतील ओव्या आल्या. मराठी संतकाव्य त्यांच्या कानात लहानपणापासून होते. १९४८ चा ‘द अनटचेबल्स’ हा ग्रंथ त्यांनी नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांना अर्पण केला.

तरीही संतांच्या शिकवणीबद्दल ते भाबडे नव्हते. १९३६ मध्ये गांधीजींनी त्यांच्यावर टीका करताना संतांची परंपरा पुढे केली. तेव्हा आंबेडकरांनी उत्तर दिले, की संतांनी देवापुढे सगळे समान आहेत असे सांगितले, पण माणसामाणसांतील व्यवहारात समता यावी म्हणून जातीविरुद्ध मोहीम उघडली नाही. पहिली गोष्ट मानायला कोणालाच अडचण नसते. दुसरी मानली तर घरातले नियम बदलावे लागतात.

गीतेबद्दलचे त्यांचे मत काळानुसार बदलले. १९२७ मध्ये महाडच्या सत्याग्रहाचे समर्थन करताना त्यांनी गीतेचा आधार घेतला होता. पुढच्या अभ्यासात मात्र गीता ही बौद्ध विचाराने हादरलेल्या कर्मकांडाला आणि चातुर्वर्ण्याला तात्त्विक आधार देण्यासाठी रचली गेली, या निष्कर्षाला ते आले. लोकमान्य टिळकांनी ‘गीतारहस्य’मध्ये कर्मयोगाचा जो व्यापक अर्थ लावला, तोही त्यांनी नाकारला. गीतेतले कर्म हे जैमिनीच्या मीमांसेतले यज्ञकर्म आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. हे लेखन अपुरे राहिले आणि महाराष्ट्र शासनाने त्यांच्या समग्र लेखनाच्या खंडांत ते प्रसिद्ध केले. त्यातल्याच ‘रिडल्स इन हिंदुइझम’ या खंडातील राम आणि कृष्ण यांच्यावरील भागावरून १९८७-८८ मध्ये महाराष्ट्रात मोठे वादळ उठले. लहानपणी वडिलांपुढे मांडलेले मत लेखकाच्या निधनानंतर तीन दशकांनीही लोकांना अस्वस्थ करत होते.

एका मतामुळे सभा कशी रद्द झाली?

लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने १९३६ च्या वार्षिक परिषदेचे अध्यक्षपद आंबेडकरांना दिले. त्यांनी भाषण लिहून पाठवले. जात मोडायची तर केवळ सहभोजन पुरत नाही, आंतरजातीय विवाहही हवेत. आणि त्याला आड येणारी, वेद आणि शास्त्रे यांच्यावरची आंधळी श्रद्धा मोडली पाहिजे, हा त्या भाषणाचा गाभा होता.

मंडळाला जात तोडायची होती, पण ग्रंथांवरची ही टीका नको होती. भाषणात बदल सुचवले गेले. आंबेडकरांनी एक स्वल्पविरामही बदलायला नकार दिला. परिषद रद्द झाली. त्यांनी स्वतःच्या खर्चाने भाषणाच्या १,५०० प्रती छापल्या आणि ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ हे न झालेले भाषण पुस्तक म्हणून वाचकांपर्यंत गेले. या पुस्तकावर त्यांचे कोलंबियातील शिक्षक जॉन ड्यूई यांच्या विचारांची दाट छाया आहे. समाजाने भूतकाळातले सगळेच जपून ठेवायचे नसते, त्यातले निवडून पुढे न्यायचे असते, हा ड्यूईंचा विचार त्यांनी भारतातील शास्त्रग्रंथांना लावला. १९५२ मध्ये कोलंबियाची मानद पदवी घेण्यासाठी ते न्यूयॉर्कला गेले, तेव्हा ड्यूईंना भेटण्याची त्यांना ओढ होती. पण भेटीआधीच ड्यूईंचे निधन झाले.

संस्कृतवर प्रभुत्व नसताना वेदांवर मत देता येते का?

‘हू वेअर द शूद्राज?’ हा ग्रंथ १९४६ मध्ये आला, तेव्हा हा आक्षेप येणार हे त्यांना ठाऊक होते. प्रस्तावनेतच त्यांनी आपण संस्कृतचे पंडित नसल्याचे मान्य केले. पण महत्त्वाच्या ग्रंथांची भाषांतरे उपलब्ध आहेत आणि आपण १५ वर्षे त्यांचा अभ्यास केला आहे, तेवढी पात्रता या कामाला पुरेशी आहे, अशी त्यांची भूमिका होती. शाळेत ज्याला संस्कृतपासून दूर ठेवले, त्यालाच संस्कृत येत नाही म्हणून बोलू नकोस असे सांगण्याची सोय त्यांनी ठेवली नाही.

या ग्रंथात त्यांनी टिळकांच्या ‘आर्क्टिक होम इन द वेदाज’ या १९०३ च्या पुस्तकाची दखल घेतली. वैदिक आर्य उत्तर ध्रुवाकडून आले, हा टिळकांचा सिद्धांत. आंबेडकरांची शंका साधी होती : घोडा हा वैदिक आर्यांचा लाडका प्राणी, मग ध्रुव प्रदेशात घोडा होता का?

याच ग्रंथातली आणखी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. ग्रंथ महात्मा जोतीराव फुले यांना अर्पण केलेला आहे. फुले यांच्या १८७३ च्या ‘गुलामगिरी’त बाहेरून आलेल्या आर्यांनी मूळ रहिवाशांना जिंकले, ही मांडणी पायाभूत आहे. आंबेडकरांनी मात्र आर्य नावाच्या वंशाने आक्रमण केल्याचा पुरावा वेदांत मिळत नाही, असे सांगून तो सिद्धांतच फेटाळला. तो सिद्धांत त्यांच्या चळवळीला सोयीचा होता. गुरूस्थानी मानलेल्या माणसाला ग्रंथ अर्पण करायचा आणि त्याच ग्रंथात त्यांच्या एका महत्त्वाच्या मांडणीला नकार द्यायचा, हे दोन्ही त्यांनी एकाच वेळी केले.

गांधीविचार आणि मार्क्स यांच्याबद्दल काय?

१९४५ मध्ये आलेल्या काँग्रेस आणि गांधी यांच्यावरील ग्रंथात त्यांनी गांधीवादाच्या आर्थिक विचारांची चिकित्सा केली. यंत्राला आणि आधुनिक संस्कृतीला विरोध करणारे हे विचार रूसो, रस्किन आणि टॉलस्टॉय यांनी आधीच मांडलेले आहेत, त्यात नवे काही नाही, असे त्यांचे मत होते. यंत्र नसेल तर माणूस दिवसभर राबेल आणि त्याला वाचायला, विचार करायला फुरसत मिळणार नाही. फुरसतीशिवाय संस्कृती नाही, आणि ती फक्त वरच्या थोड्यांना मिळणार असेल तर तो न्याय नाही. कंदिलाच्या उजेडात शिकलेल्या माणसाचा हा युक्तिवाद आहे, हे लक्षात घेतले की त्याचे वजन कळते.

मार्क्स त्यांनी बारकाईने वाचला होता. आयुष्याच्या अखेरीस ते बुद्ध आणि मार्क्स यांची तुलना करणारा ग्रंथ लिहीत होते. २० नोव्हेंबर १९५६ रोजी काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेत त्यांनी याच विषयावर भाषण केले. मार्क्सची बरीच भाकिते काळाने खोटी ठरवली, असे त्यांचे मत होते. पण तत्त्वज्ञानाचे काम जग बदलणे हे आहे, वर्गांचे हितसंबंध एकमेकांशी भिडतात, खासगी मालमत्तेतून शोषण आणि दुःख निर्माण होते आणि ते दूर करायला हवे, एवढा गाभा थोडा असला तरी महत्त्वाचा आहे, असे त्यांनी मानले. हिंसा आणि हुकूमशाही हे मार्ग त्यांनी नाकारले.

राज्यघटनेच्या कामात ग्रंथ कुठे दिसतात?

४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा मांडताना त्यांनी ग्रीसचा इतिहास लिहिणारे जॉर्ज ग्रोट यांचा आधार घेतला. घटनेच्या नियमांविषयी आदर, म्हणजेच घटनात्मक नीती, ही माणसांत आपोआप येत नाही; ती जोपासावी लागते, हा मुद्दा त्यांनी ग्रोट यांच्याकडून घेतला. २५ नोव्हेंबर १९४९ च्या समारोपाच्या भाषणात जॉन स्टुअर्ट मिल यांचा दाखला देऊन त्यांनी इशारा दिला, की कितीही थोर माणूस असला तरी आपले स्वातंत्र्य त्याच्या चरणी वाहू नये. राजकारणातील भक्ती हा अधोगतीचा आणि शेवटी हुकूमशाहीचा मार्ग आहे, हे त्यांनी बजावले. ग्रंथाच्या बाबतीत जे ते आयुष्यभर पाळत आले, तेच येथे त्यांनी नेत्याच्या बाबतीत सांगितले.

आवडत्या पुस्तकांनाही प्रश्न विचारले का?

आंबेडकर पुस्तकांवर टीकाच करत, असे नाही. पी. लक्ष्मी नरसू यांच्या ‘द इसेन्स ऑफ बुद्धिझम’ या ग्रंथाची आवृत्ती १९४८ मध्ये त्यांच्या प्रस्तावनेसह निघाली. बौद्ध धर्मावर तोवर आलेल्या ग्रंथांत हा सर्वोत्तम, अशी मोकळी शिफारस त्यांनी केली.

पण ज्या बुद्धावर त्यांची श्रद्धा होती, त्याच्या परंपरागत चरित्रालाही त्यांनी सोडले नाही. म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून सिद्धार्थाने घर सोडले, ही कथा त्यांना पटली नाही. २९ वर्षांच्या माणसाने तोवर यांतले काहीच पाहिले नसेल, हे बुद्धीला पटणारे नाही, असे त्यांनी ‘द बुद्ध अँड हिज धम्म’मध्ये लिहिले. त्याऐवजी रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांच्यात पेटलेला वाद, युद्धाला सिद्धार्थाचा विरोध आणि त्यातून आलेला गृहत्याग, अशी मांडणी त्यांनी केली. चार आर्यसत्ये मूळची की नंतर भिक्खूंनी घातलेली, हाही प्रश्न त्यांनी उभा केला. बुद्धाच्या नावावर असलेले वचन खरे कसे ओळखायचे, याची त्यांची कसोटी होती : ते बुद्धीला धरून आहे का आणि माणसाच्या हिताचे आहे का.

ही मांडणी अनेक परंपरावादी बौद्धांना रुचली नाही. पण रामायण तपासताना एक माप आणि बुद्धचरित्र तपासताना दुसरे, असे त्यांनी केले नाही, हे त्यांच्या विरोधकांनाही मान्य करावे लागेल.

त्या पुस्तकांचे पुढे काय झाले?

दादरच्या हिंदू कॉलनीतले ‘राजगृह’ हे घर त्यांनी १९३० च्या दशकात बांधले, तेच मुळी पुस्तकांची सोय पाहून. दिल्लीत मंत्री असतानाही पुस्तकांची खरेदी चालूच राहिली. ८ जुलै १९४५ रोजी त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले. त्यांच्या संग्रहातील अनेक पुस्तके या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात आहेत. ड्यूई यांच्या ग्रंथांच्या त्यांच्या प्रतींवर लाल आणि निळ्या पेन्सिलीच्या खुणा दिसतात. कोणत्या वाक्याखाली रेघ आहे, यावरून त्यांच्या विचारांचा माग काढण्याचे काम अभ्यासक आजही करत आहेत.

५ डिसेंबर १९५६ च्या रात्री दिल्लीत २६, अलीपूर रोड येथील घरी ते ‘द बुद्ध अँड हिज धम्म’च्या प्रास्ताविकावर काम करत होते. ६ डिसेंबरच्या पहाटे झोपेतच त्यांचे निधन झाले. ग्रंथ १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला.

आजच्या वाचकासाठी यात काय आहे?

आंबेडकरांची सगळी मते सर्वांना पटतील असे नाही. गीतेचा काळ, बुद्धाचा गृहत्याग किंवा चलनाची पद्धत या विषयांवर विद्वानांत वाद आहेत आणि राहतील. त्यांच्या वाचनाची पद्धत मात्र कोणालाही वापरता येण्यासारखी आहे. ते विरोधी ग्रंथ टाळत नसत, तो पूर्ण वाचत. आवडत्या लेखकाशीही मतभेद मांडत. पुरावा बदलला की स्वतःचे मत बदलत. आणि सर्वांत खाली दबलेल्या माणसाला या ग्रंथातून काय मिळाले, हा प्रश्न प्रत्येक पानाला विचारत.

ज्या समाजाला शतकानुशतके अक्षर नाकारले गेले, त्यातल्या एका मुलाने वाचण्याचा हक्क मिळवला आणि वाचलेल्यावर मत देण्याचाही मिळवला. शिवाजी पार्कच्या स्टॉलवरून आज जी पुस्तके घरोघरी जातात, त्यांत त्यांचे स्वतःचे ग्रंथही असतात. ते हातात पेन्सिल घेऊन वाचणे, पटेल तेथे रेघ आणि पटणार नाही तेथे प्रश्नचिन्ह करणे, हे त्यांच्याच रीतीला धरून होईल.